लाल पट्टीची बॅटरी

दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “भाई, रातभर लावून ठेवली, तरी चढत नाही.” माझंही उत्तर ठरलेलं, “रातभर लावलीच कशाला?” इथून आमचं भांडण सुरू होतं. देऊळगाव राजाला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि मिशा काळ्या होत्या तेव्हापासून मी हेच भांडण करत आलोय. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून दुकान अर्धाच दिवस उघडतो. भांडणं मात्र पूर्ण दिवसाची करतो.

गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या माझ्याकडे मिळत नाहीत. माझं काम हातात धरायच्या, गळ्यात अडकवायच्या, पाठीवर घ्यायच्या यंत्रांचं. फवारणीचा पंप, भंगारवाल्याचा भोंगा, भजनी मंडळाचा माइकचा डबा, डोक्याला बांधायची बत्ती, भाजीवालीचा वजनकाटा. लोक यंत्र फडक्यानं पुसतात, त्याला हळदीकुंकू लावतात, आणि आतली बॅटरी बंद पडली की मग त्यांना माझी आठवण येते. अब्बांनी हे दुकान पेट्रोमॅक्स दुरुस्तीसाठी काढलं होतं. बत्त्या गेल्या, रेडिओ आले, रेडिओ गेले, मग या बॅटऱ्या आल्या. दुकानाची पाटी तीच आहे, फक्त त्यावरचं चित्र मी दोनदा बदललं.

बाहेरच्या माणसासाठी आमची विद्या तीन वाक्यांत सांगतो. फवारणी पंपातली शिशाची बॅटरी उपाशी ठेवली की मरते. हंगाम संपला की ती भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. मोबाइलमधली लिथियमची बॅटरी गच्च भरून ठेवली तरी झिजते आणि पार रिकामी ठेवली तर उठत नाही, म्हणून ठेवणीतली असेल तर ती आधपोटी ठेवावी. तिसरी निकेलची. ती भरून कपाटात ठेवा, कुलूप लावा, किल्ली कमरेला खोचा, ती आतल्या आत गळत राहते आणि काही महिन्यांत आपोआप रिकामी होते. त्यात तिचा दोष नाही, तिची जातच तशी आहे. हे तिसरं वाक्य मी शेकडो लोकांना ओरडून ओरडून सांगितलं. एका माणसाला सांगायचं राहिलं, आणि आज मी लिहायला बसलोय ते त्यासाठी.

पण आधी दोन माणसं भेटवतो, म्हणजे माझा स्वभाव तुम्हाला कळेल.

एका शेतकऱ्याला मी सांगितलं होतं, बॅटरी थंड जागी ठेवा, पत्र्याखाली ठेवू नका. बुवानं ती नेऊन फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या पातेल्याशेजारी. चार महिन्यांनी तो बायकोला घेऊन आला. बाई म्हणाली, “भाई, तुम्हीच सांगतलं म्हणते हे. चार महिने झाले, दूध काढाले गेलं का हात पहिले त्या विषाच्या डब्याले लागते.” मी म्हटलं, थंड म्हणजे घरात सावलीला, फ्रिजात नव्हे! तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की मला त्या बिचाऱ्याची कीव आली. बॅटरी मात्र ठणठणीत निघाली. मी तसं सांगितलं नाही, नाहीतर त्याला फ्रिजमध्ये ठेवायला कायमचा परवाना मिळाला असता.

दुसरा एक शहाणा. मोबाइलची बॅटरी फुगून पापडासारखी झाली होती आणि हा माझ्या काउंटरवर उभा राहून टाचणी काढत होता. “हवा भरली हाय भाई, सोडून देतो.” मी त्याचा हात धरला, टाचणी हिसकावली आणि त्याला ओट्याच्या खाली उतरवलं. नंतर त्याच्यासमोर ती बॅटरी वाळूच्या रांजणात पुरली. माझ्या दुकानाबाहेर कायम एक वाळूचा रांजण असतो. लोकांना वाटतं पाणपोई आहे, पेला घेऊन येतात. फुगलेली बॅटरी भोसकली तर जाळ काढते आणि तो जाळ पाण्यानंही लवकर ऐकत नाही. तो माणूस पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. न बोलो, डोळे शाबूत आहेत त्याचे.

असा मी. सगळ्यांना शिकवणारा, कुणाचं न ऐकणारा. बॅटरीच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा, असं गल्लीत सगळे मानायचे, आणि सगळ्यात जास्त मी मानायचो.

आता नानांची गोष्ट.

नाना भाजीबाजारात हर्राशी पुकारायचे. पहाटे मालाचे ढीग लागले की नाना मधे उभे राहून बोली चढवायचे, आणि त्यांचा आवाज बसस्टँड ओलांडून आमच्या गल्लीपर्यंत यायचा. अब्बा त्या आवाजावर उठायचे. “नाना बोंबलला, चला,” म्हणायचे. त्या माणसाला माइक कधी लागला नाही. पण तोंडात तंबाखूची गोळी सदा. साठीच्या आसपास गळ्यात गाठ निघाली आणि मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आतली आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच घ्यायचा. आवाज गेला तो गेलाच.

एके दिवशी दुपारी नाना गळ्याला रुमाल बांधून दुकानात आले आणि त्यांनी हातबत्तीएवढं एक यंत्र काउंटरवर ठेवलं. सोबत चिठ्ठी. “सलीम, हे माझं बोलायचं मशीन. बॅटरी गेली. बाईला दिसत नाही.”

चिठ्ठीतली शेवटची दोन वाक्यं मला वेगवेगळी वाटली. मग डोक्यात प्रकाश पडला. नानांच्या बायकोचे, गोदाकाकूंचे डोळे काचबिंदूनं गेले होते. घरात दोघंच. हा बोलू शकत नाही, ती वाचू शकत नाही. हा ओठ हलवतो, ते तिला दिसत नाहीत. मशीन गळ्याला लावून बटण दाबलं की ते थरथरतं, तो थरथराट तोंडात जातो आणि माणूस ओठ-जीभ हलवून त्याचे शब्द करतो. सगळे शब्द एकाच सुरात, घुंघुं करत येतात. पण येतात. त्या घरात दोन माणसांच्या मधे एवढी एक बॅटरी उभी होती.

त्या मापाची बॅटरी बाजारात मिळेना. मी निकेलचे छोटे सेल जोडून तिच्याच आकाराची बसवली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी नाना काकूंना हात धरून घेऊन आले. काकू स्टुलावर बसल्या. नानांनी मशीन गळ्याला लावलं आणि म्हणाले, “चा पिते का?”

काकू खुदकन हसल्या. “अवो, भुंग्यावानी वाजून राह्यले! पण तुम्हीच हाय हे.”

तेव्हा मला माझ्या धंद्याचा जो अभिमान वाटला, तो पुन्हा कधी वाटला नाही. त्या अभिमानातच मी पुढचं केलं. म्हटलं, एकीवर भागायचं नाही, अडीनडीला दुसरी हवी. तशीच एक आणखी बनवली, पूर्ण भरली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वरून लाल चिकटपट्टी मारली. अगदी ऐटीत. “नाना, ही राखीव. हिला हात लावायचा नाही. पहिली दगा देईल त्या दिवशीच फोडायची. तोवर बिनधास्त राहा.”

काकूंनी ती हातात घेऊन चाचपली. “लाल हाय म्हनतो? मले काय लाल अन् काय काळी! दोरा बांधून दे बापा, हातानं वळखू येईन.” मी पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी गाठ मारून दिली. काकूंनी ती बॅटरी पदराच्या शेवाला बांधली आणि दोघं गेली.

हात लावायचा नाही, असं मी सांगितलं. महिन्यातून एकदा भरा, असं सांगायला हवं होतं. दिवसाआड दोन्ही वापरा म्हटलं असतं तर मग काही प्रश्नच नव्हता. निकेल गळतं हे मला नवं होतं का? त्याच आठवड्यात मी एका बत्तीवाल्याला त्यावरून झापलं होतं. पण राखीव हा शब्द तोंडातून गेला आणि त्या रुबाबात बाकीचं विसरलो. दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्यानं माझं ऐकलं नसतं, आठ दिवसांत फोडून वापरली असती आणि काही बिघडलं नसतं. ही दोघं पडली शब्द पाळणारी. अकरा महिने त्यांनी हात लावला नाही.

त्या उन्हाळ्यात नाना राहायचे त्या जवळच्या खेड्याची डीपी जळाली. दोन दिवस गावात लाइट नाही. नाना मशीन पुरवून पुरवून वापरत होते, हो-नाहीपुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यानं गाडी काढली आणि जालन्याला नेलं. चार्जर भिंतीलाच राहिला.

हे सगळं मला नानांनी सांगितलं, काकूंची तेरवी झाल्यावर. दुकानात येऊन स्टुलावर बसले, मशीन गळ्याला लावलं आणि सांगितलं. मशीनच्या बोलण्यात चढउतार नसतो. भाव सांगावा आणि मरण सांगावं, दोन्ही एकाच सुरात. ऐकणाऱ्याला ते फार जड जातं.

दवाखान्यात दुपारपर्यंत मशीन मिणमिणलं आणि बंद पडलं. काकू खाटेवर. त्यांना कळलं. म्हणाल्या, “आवाज सरला का? सरू द्या. राखीव हाय ना. माह्या पिशवीत हाय, पातळाच्या घडीत, गाठ लागंन हाताले.” छातीत कळ येत असताना त्या बाईनं घरातून निघताना ट्रंक चाचपून ती बॅटरी काढून घेतली होती. चार्जर डोळसांच्या ध्यानात आला नाही, पण तिनं तेवढं आणलं होतं.

नानांनी लाल पट्टी फोडली. बॅटरी बसवली. बटण दाबलं. काही नाही.

शेजाऱ्याला चिठ्ठी लिहून चार्जर आणायला पाठवलं. लेक पुण्याहून निघालेली. तोवर खाटेपाशी नाना एकटे. काकू विचारत होत्या, “लावली का? बोला ना.” नानांनी त्यांचा हात दाबला. काकू म्हणाल्या, “हात त डाक्टर बी दाबते. तुम्ही बोला.” नानांनी कागदावर लिहिलं आणि नर्सबाईंना वाचायला दिलं. त्या पोरीनं बिचारीनं मोठ्यानं वाचलं, मी इथंच आहे, भिऊ नको. काकू म्हणाल्या, “बाई, तुहा आवाज गोड हाय. पण मले ह्यांचा पायजे.”

शेजारी चार्जर घेऊन पोचला तेव्हा काकू गेलेल्या होत्या.

एवढं सांगून नानांनी लाल पट्टीची बॅटरी माझ्यासमोर ठेवली. पट्टी अर्धी फाटलेली, दोऱ्याची गाठ तशीच. म्हणाले, “पाय बरं. हे काऊन नाही चालली?”

मी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. मला क्षणात सगळं कळलं. बॅटरीला काही झालं नव्हतं. पत्र्याच्या घरात, ट्रंकेत, अकरा महिने पडल्या पडल्या ती गळून गेली होती, निकेलनं गळावं तशी. सांगायला म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात नानाच म्हणाले, “वली झाली असंन. तिले दिसे नाही, धुन्याभांड्याचे हात, तशीच धरली असंन. व्हय ना?”

मी म्हटलं, “हो नाना. पाणी गेलं असेल आत.”

बस्स. एवढंच बोललो. वाक्य त्यांनीच तयार करून दिलं होतं, मी फक्त मान हलवली, असं मी पुढे मनाला कितीदा समजावलं. पण प्लास्टिक मीच गुंडाळलं होतं आणि त्यातून पाणी जाणं शक्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ज्या बाईनं ती बॅटरी जिवापाड जपली, तिच्या ओल्या हातांवर मी ढकललं आणि मोकळा झालो.

ते गेल्यावर मी ती बॅटरी चार्जरला लावली. संध्याकाळपर्यंत ती पूर्ण भरली. मशीनला लावली असती तर दीड दिवस चालली असती. मी ती गल्ल्याच्या खालच्या खणात टाकली आणि खण उघडणं बंद केलं.

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून राखीव बॅटरी जात नाही. जोडी देतो, दोन्हींवर पक्क्या शाईनं भरल्याची तारीख घालतो आणि एक दिवस ही, एक दिवस ती वापरा, असं सांगतो. समोरच्याकडून वदवून घेतो, शाळेतल्यासारखं. लोक हसतात, भाई म्हातारा झाला म्हणतात. होऊ दे. पण तारखा घालून माझी सुटका झाली नाही. नाना दर पंधरा-वीस दिवसांनी येत राहिले, चहा घ्यायचे, बसायचे. मला आतून वाटायचं, हा माणूस येऊ नये. तो येत होता माझ्यावर माया म्हणून.

वर्ष होत आलं. एकदा नाना बसलेले असताना एक बाई सासऱ्याच्या कानाच्या यंत्राची बॅटरी घ्यायला आली. मी तिला नेहमीचं शिकवत होतो. मधेच नानांनी मशीन उचललं आणि तिला म्हणाले, “वल्या हातानं धरत जाऊ नको वं बाई. आमच्या बाईनं तसंच केलं. तिच्याच हातानं घात झाला.”

बाई च्यक् च्यक् करत निघून गेली. मी काउंटरला दोन्ही हात टेकून उभा राहिलो. वर्षभर हा माणूस हे गावभर सांगत होता काय? हे मनात धरून तो बायकोच्या फोटोसमोर जेवत होता काय? आणि ते त्याच्या मनात कोणी पेरलं?

मी शटर अर्धं ओढलं. खण उघडला आणि लाल पट्टीची बॅटरी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, “नाना, ही ओली झाली नव्हती. कधीच नव्हती. ही जात भरून ठेवली तरी आपोआप रिकामी होते. मला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं मी विसरलो. आणि तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो.”

नानांनी मशीन गळ्यापर्यंत नेलं. खाली घेतलं. पुन्हा नेलं. गळ्याच्या रुमालाआड श्वास फसफस वाजत होता. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी बॅटरीवरची दोऱ्याची गाठ अंगठ्यानं चाचपली, काकू चाचपायच्या तशी. मग बटण दाबलं.

“मले काय सांगतो? तिले सांग.”

मी स्कूटर काढली. नाना मागे बसले. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. पुढच्या खोलीत भिंतीवर काकूंचा फोटो, त्याला ताजा हार, खाली ट्रंक. नानांनी चपला काढल्या, मीही काढल्या. मी मुसलमान माणूस, फोटोशी बोलायची मला सवय नाही. पण त्या खोलीत ते मला परकं वाटलं नाही. नाना फोटोसमोर उभे राहिले, मशीन गळ्याला लावलं आणि रोजच्यासारखं म्हणाले, “आयक वं. सलीम आला. त्याले काही बोलायचं हाय.”

मग ते बाजूला झाले आणि मला पुढं केलं.

उभा जन्म मी तोंडावर काढला. गिऱ्हाइकाला बोलू देत नाही, अशी माझी ख्याती. माझ्या गळ्याला भोक नाही, मला बॅटरी लागत नाही. पण आवाज फुटेना. ओठ हलत होते, मला जाणवत होते, आणि त्यातून काही निघत नव्हतं. नाना थांबले. त्यांना घाई नव्हती. असं उभं राहणं काय असतं, ते त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

शेवटी कसंबसं आलं. “काकू, बॅटरी तुम्ही नीट ठेवली होती. चूक माझी होती.”

मागं वळलो तर नाना ट्रंकेवर बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. रडण्याचा आवाज येत नव्हता. पेटी काढलेल्या माणसाच्या रडण्यालाही आवाज नसतो, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, मशीन गळ्याला लावलं आणि मान वर करून फोटोकडे बघितलं.

“माफ कर वं गोदे,” नाना म्हणाले. “वरीसभर तुह्यावर आळ घेतला.”